सीगल्सना झेलणारा मिळतो

गेल्या मोसमात सीगल्सच्या गड्यांनी हातात आलेले इतके चेंडू सोडले, की सौदीतल्या यान्बूच्या त्या कंपनी-वसाहतीत त्यांना 'सी-गळके' असं नाव पडलं. शब्द मराठी, पण मल्याळी, इजिप्शियन, पाकिस्तानी मंडळीही अर्थ न कळता तो मोठ्या आवडीनं वापरायची. हा शब्द कुणी काढला असेल याबद्दल राजाभाऊ पिंगळ्यांना शंका नव्हती. इतकं नेमकं मराठी बोलणारा आणि इतका रिकामा वेळ असणारा माणूस त्या पंचक्रोशीत एकच होता, कंत्राटदाराच्या स्टोअरमधला मुनाफ. तो हर्णैचा, राजाभाऊ नाशिकचे, आणि दोघं जिवलग.

"राजाभाऊ, रागावू नका ओ," मुनाफ म्हणायचा, "पण तुमची माणसं हाताला खोबरेल लावून खेळतात काय?"

राजाभाऊ रागवायचे. ते सीगल्सचे मॅनेजर होते.

ते मॅनेजर कसे झाले, तर अपघातानं. हा खेळ अमेरिकन लोकांचा. नाव फुटबॉल, पण खेळायचा हातानं. आणि चेंडूही गोल नाही, दोन्हीकडून टोकदार. एकानं मागून लांब फेकायचा आणि पुढे पळत सुटलेल्यांनी तो वरच्यावर झेलायचा. या झेलणाऱ्यांना रिसीव्हर म्हणतात. वसाहतीत अंगावर धडका मारायला बंदी होती, म्हणून कमरेला लावलेली कापडी पट्टी ओढली की गडी बाद, असा सौम्य प्रकार खेळत. संघ चालवणारे अमेरिकन साहेब परत गेले, तेव्हा निरोपाच्या पार्टीत त्यांनी राजाभाऊंच्या हातात एक शिट्टी आणि एक चेंडू दिला. राजाभाऊंनी तो आठवण म्हणून घेतला. तो चार्ज होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

तरी त्यांनी तो निष्ठेनं सांभाळला. कारखान्यात ते प्लॅनिंग इंजिनिअर होते, आणि ज्याचं प्लॅनिंग होत नाही अशी गोष्ट जगात नाही अशी त्यांची श्रद्धा होती. उन्हाळा आला, मैदान तव्यासारखं तापलं, खेळ बंद झाला, आणि राजाभाऊंनी आपल्या संघाच्या रोगाचं निदान केलं. फेकणारा उत्तम होता. तो दक्षिण आफ्रिकेचा सेफ्टी ऑफिसर. त्याचा चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जायचा. पळणारेही बरे होते. रोग हातात होता. येत्या ड्राफ्टमध्ये रिसीव्हर घ्यायचे, दुसरं काही नाही, असं त्यांनी ठरवलं.

ड्राफ्ट म्हणजे आपल्याकडे गल्लीत दोन कप्तान गडी वाटून घेतात तेच, फक्त प्रोजेक्टर लावून. दर वर्षी ईदनंतर वसाहतीच्या हॉलमध्ये नवे खेळाडू वाटले जात, आणि शेवटून पहिला आलेल्या संघाला सर्वांत आधी निवडायचा मान असे. हा मान सीगल्सनी निर्विवाद कमावलेला होता.

"झेल म्हटलं की क्रिकेट," राजाभाऊ जेवताना म्हणाले. "अमेरिकन लोकांना हे सुचलंच नाही. आपण विकेटकीपर घ्यायचा."

"आधी भात घ्या," विद्या म्हणाली.

विकेटकीपर म्हणजे अर्थात मुनाफ. कोकणातल्या पोरांच्या क्रिकेट क्लबात स्टंपांमागे तोच उभा असे. शुक्रवारी संध्याकाळी राजाभाऊंनी त्याची चाचणी घेतली. संघाचा एकुलता चेंडू सेफ्टी ऑफिसर सुट्टीला जाताना स्वतःबरोबर घेऊन गेला होता. म्हणून राजाभाऊंनी त्याच आकाराची एक पपई आणली. पहिली पपई मुनाफनं सुरेख झेलली. दुसरी पिकलेली निघाली. वसाहतीच्या हिरवळीवर पपईचा सडा, बिया मुनाफच्या दाढीत, आणि शेजारच्या अर्चनावहिनी गॅलरीतून विचारतायत, "भावजी, हे काही नवसाचं आहे का?"

"बाबा, प्लीज," नूपुर खिडकीतून म्हणाली. "दिस इज सो एम्बॅरसिंग. सब देख रहे हैं." नूपुर दहावीत होती, आणि त्या वयात सगळ्या जगाला आपल्या बापाखेरीज दुसरं काही बघायला नाही अशी मुलांची खात्री असते.

खरा चेंडू परत आल्यावर दुसरी अडचण कळली. मुनाफचे हात चांगले होते, पण संस्कार जुने होते. चेंडू आधी टप्पा पडू द्यायचा, मग अलगद उचलायचा, आणि दोन्ही हात वर करून जोरात अपील करायचं. टप्पा पडला की या खेळात सगळं संपतं, हे त्याला पटेचना. पण राजाभाऊ चिकाटीचे. उन्हं उतरली की रोज मगरिबच्या अजानपर्यंत त्यांनी त्याला घोटवलं, आणि उन्हाळा सरता सरता मुनाफ दहातले सात चेंडू वरच्यावर घ्यायला लागला.

मग क्रीडा कार्यालयातला माणूस म्हणाला, "हा कंत्राटदाराचा. याच्या कफीलचं ना-हरकत पत्र लागेल."

कफील म्हणजे ज्याच्या नावावर परदेशी माणूस तिथं राहतो तो मालक. त्याच्या कचेरीतला कारकून रोज चहा पाजायचा आणि रोज 'बुक्रा' म्हणायचा. बुक्रा म्हणजे उद्या. पण तो कुठला उद्या, हे अरबी भाषेत सांगायची पद्धत नाही. राजाभाऊ ऑफिस सुटल्यावर जात, बसत, चहा पीत, येत. शेवटी एक दिवस कारकुनानं चहा मागवला नाही. कंपनी लाल झाली होती. पुरेसे सौदी कामावर न ठेवणाऱ्या कंपन्यांना सरकार लाल रंगात टाकत असे, आणि लाल कंपनीतल्या परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, पुन्हा निघत नसत. मुनाफचा इकामा संपत आलाच होता.

"ना-हरकत पत्राचं काय?" राजाभाऊंच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मुनाफला विमानतळावर सोडायला ते स्वतः गेले. मुनाफच्या खोक्यांवर दोरी आवळता आवळता दोघंही फुटबॉलबद्दलच बोलत राहिले, कारण दुसरं काही बोलणं शक्य नव्हतं.

"हर्णैला बंदरावर मासळीच्या टोपल्या झेलतात," मुनाफ म्हणाला. "सराव सुटायचा नाही ओ माझा."

आत जाताना त्यानं एकदाच वळून दोन्ही हात वर केले, अपील केल्यासारखे. राजाभाऊंना नेमकं त्याच वेळी चष्मा पुसायचा होता.

त्यानंतर काही दिवस राजाभाऊंनी फुटबॉलचं नाव काढलं नाही. आणि मग नबीलनं थर्मास झेलला.

नबील त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून आलेला सौदी मुलगा. हसरा, उशिरा येणारा, हुशार. सौदीकरणाच्या त्या वर्षांत प्रत्येक विभागात असा एकेक नबील आला होता, आणि प्रत्येक विभागातले परदेशी इंजिनिअर त्याला हातचं राखून शिकवत होते. राजाभाऊंना ते कधी जमलं नाही. शिकवायला लागले की ते वाहवत जात. त्या दिवशी ते हातवारे करून एक आलेख समजावत होते, कोपर लागून टेबलावरचा थर्मास उडाला, आणि फोनवर बोलणाऱ्या नबीलनं मान न वळवता तो एका हातानं हवेत पकडून परत ठेवला. फोनवरचं बोलणं तुटलंसुद्धा नाही.

राजाभाऊ आलेख विसरले. त्यांनी पेपरवेट फेकला. नबीलनं झेलला. स्टेपलर फेकला. तोही झेलला.

"मुहंदिस राजा," नबील फोन बाजूला करून म्हणाला. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. "मी काही चुकलो का?"

तो विद्यापीठात हँडबॉलचा गोलकीपर होता. त्या संध्याकाळी मैदानावर त्यानं सेफ्टी ऑफिसरचे चेंडू असे घेतले, की जणू कुणी त्याला संत्री देत होतं. राजाभाऊ घरी आले ते गुणगुणत.

पण क्रीडा कार्यालयातला माणूस तोच होता. "शिकाऊ? चालणार नाही. कायम नोकरीत असलेलेच. ड्राफ्टच्या आत कायम झाला, तर आणा."

नबील कायम व्हायला अजून वर्ष होतं. राजाभाऊ थेट विभागप्रमुखांकडे गेले. हम्माद हा शांत, सभ्य माणूस. तो कमी बोलायचा आणि समोरच्याचं ऐकून घ्यायचा.

"नबील तयार आहे असं तुम्ही म्हणता, मुहंदिस राजा?"

"शंभर टक्के."

"घाई नाही. पुढच्या वर्षापर्यंत वेळ आहे. अजून शिकू दे त्याला."

"शिकायचं काही उरलेलं नाही. उद्या मी नसलो तरी तो सगळं सांभाळेल."

हम्मादनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही नीट विचार केलाय?"

"महिनाभर दुसरा विचारच केलेला नाही," राजाभाऊ म्हणाले, आणि ते अक्षरशः खरं होतं.

हम्माद खुर्ची मागे सारून उठला. त्यानं राजाभाऊंचा हात दोन्ही हातांत घेतला. हा माणूस गुपचूप सीगल्सचा चाहता दिसतो, असं राजाभाऊंना वाटलं.

राजाभाऊंच्या शेजारची खुर्ची त्या वेळी रिकामी होती. तिच्यावरचे मल्याळी गृहस्थ वसंतातच गावी गेले होते. नबील त्या खुर्चीवर बसणार, यात न कळण्यासारखं काय होतं?

नबील कायम झाला. ड्राफ्टच्या संध्याकाळी हॉल भरला होता. प्रोजेक्टरवर संघांची नावं आली, सीगल्सचं सर्वांत वर, आणि राजाभाऊ नव्या सदऱ्यात उभे राहिले. घसा खाकरून त्यांनी एकच शब्द उच्चारला, "नबील." हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या. बाकीच्या मॅनेजरांची तोंडं पडली. विद्यानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. नाशिक सोडल्यापासून इतकं सुख राजाभाऊंना झालं नव्हतं.

रविवारी हम्मादनं त्यांना बोलावलं. दार लावून घेतलं, कॉफी मागवली.

"विभागात जागा एकच आहे," तो म्हणाला. "शेजारची खुर्ची मार्चमध्येच रद्द झाली. पण हे तुम्हाला माहीतच आहे."

राजाभाऊंनी कॉफीचा घोट घेतला. तो कुठे गेला ते त्यांना कळलं नाही.

"मला इथं रोज माणसं भेटतात," हम्माद पुढे म्हणाला. "जागा वाचवायला माझ्या पोरांना अर्धवट शिकवतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही घरं आहेत. पण स्वतःहून येऊन, माझी जागा या पोराला द्या म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी घरी आईलाही सांगितलं." तो थोडा पुढे झुकला. "तरीही, तुमचा विचार बदलला असेल तर आत्ता सांगा. नबीलची नेमणूक मला मागे घेता येईल. अवघड आहे, पण येईल."

सांगायचं एवढंच होतं, की साहेब, मी फुटबॉलबद्दल बोलत होतो. राजाभाऊंनी तोंड उघडलं. काचेपलीकडे नबील सगळ्यांना मिठाई वाटत होता. कायम नोकरी लागल्याशिवाय त्याच्या ठरलेल्या मुलीच्या, सहरच्या वडिलांनी लग्नाची तारीख द्यायला नकार दिला होता, आणि काल त्यांनी ती दिली होती. ही बातमी नबीलनं सर्वांत आधी राजाभाऊंना फोन करून सांगितली होती.

"नाही," राजाभाऊ म्हणाले. "मुलीच्या शिक्षणासाठी परत जायचंच होतं."

घरी विद्या भाजी निवडत होती. तिच्याशी खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. मेथीची काडी तिच्या हातात तशीच.

"फुटबॉलसाठी?" तिनं शेवटी विचारलं.

"हो."

"आणि हम्मादला काय सांगितलंत?"

"नूपुरच्या शिक्षणासाठी."

"अहो, तिचं शिक्षणच तर मधे तुटतंय." विद्याला हसू फुटलं. मग ते हसू बदललं, आणि ती परातीवर वाकून बराच वेळ मेथी निवडत राहिली. निवडलेली आणि टाकायची एकत्रच झाली होती.

नूपुरला सांगितलं तेव्हा ती "इट्स ओके, बाबा" म्हणाली, आत गेली आणि दार हळूच लावून घेतलं. एरवी ती दार आपटायची. राजाभाऊ बंद दाराबाहेर उभे राहिले. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

आणि मग सर्वांत कठीण गोष्ट सुरू झाली. राजाभाऊ थोर झाले. हम्मादनं सांगितलेली गोष्ट कारखानाभर पसरली. कँटीनमध्ये अनोळखी सौदी मुलं उठून त्यांना जागा देऊ लागली. अर्चनावहिनी डबा घेऊन आल्या आणि पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "आमच्या ह्यांना असं कधी सुचलं नसतं हो." त्यांचे 'हे' मात्र राजाभाऊंना बघून रस्ता बदलत. असली थोरवी संसर्गजन्य असते, अशी त्यांना भीती वाटत असावी. नबील घरी आला, दारातच त्यानं राजाभाऊंच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि "तुम्ही माझ्या वडिलांसारखे" म्हणून रडायला लागला. राजाभाऊ त्याची पाठ थोपटत राहिले. झालेला अपमान त्यांनी कसाही गिळला असता. न कमावलेला मान घशाखाली उतरत नव्हता.

सामान जहाजानं पुढे गेलं. उघड्या पडलेल्या घरात तिघं गाद्या जमिनीवर घालून राहत होती. एक्झिट व्हिसा झाला होता आणि निघायच्या आदल्याच दिवशी मोसमातला पहिला सामना होता. "जाऊ या नको," राजाभाऊ म्हणाले. विद्यानं शिट्टी शोधून त्यांच्या गळ्यात घातली.

सामना सुरू झाला आणि नबीलनं पहिला चेंडू सोडला. मग दुसरा. मग छातीवर आलेला, अगदी मांडीवर ठेवल्यासारखा, तोही सोडला. प्रेक्षकांतून कुणी तरी 'सी-गळके' अशी जुनी हाक घातली. अर्धा खेळ संपला तेव्हा नबील मैदानाच्या कडेला डोकं गुडघ्यांत घालून बसला होता.

"चेंडू आला की तुम्ही दिसता," तो राजाभाऊंना म्हणाला. "तुमचं सामान दिसतं. नूपुर दिसते. तुम्ही माझ्यासाठी एवढं सोडलंत, आणि मला एक चेंडू धरता येत नाही."

राजाभाऊ त्याच्या शेजारी वाळूत बसले. गुडघे कुरकुरले. "नबील, ऐक. मी तुझ्यासाठी काही सोडलेलं नाही."

"तुमचा मोठेपणा."

"मोठेपणा नाही रे बाबा. मला रिसीव्हर पाहिजे होता. शिकाऊ चालत नव्हता, म्हणून तुला कायम करा म्हटलं. शेजारची खुर्ची तुला मिळेल असं वाटलं. ती रद्द झालीय हे मला ठाऊकच नव्हतं. माझी नोकरी मी फुटबॉलमध्ये घालवली."

नबीलनं मान वर केली आणि शपथच घ्यायला लावली. "वल्लाही?"

"वल्लाही."

"पण नंतर हम्मादनं तुम्हाला विचारलं होतं. मागे घेऊ का म्हणून. त्यानं मला सांगितलं."

राजाभाऊंनी शिट्टी पुसली. "तोवर तुझ्या लग्नाची तारीख निघाली होती."

नबीलच्या तोंडून आधी एक चमत्कारिक आवाज निघाला. मग तो हसायला लागला, पोट धरून, वाळूत आडवा होऊन. आणि हसता हसताच त्याचे डोळे वाहायला लागले. राजाभाऊंनाही हसू आवरेना. रेफरीनं दोनदा बोलावलं तरी दोघं उठेनात.

"यल्ला, ऊठ," राजाभाऊ शेवटी म्हणाले. "एवढा महाग पडलायस. आता धर तरी."

त्यानंतर त्यानं काहीच सोडलं नाही. उंच आलेले, बाजूनं आलेले, मागे पडणारे, सगळे त्याच्या हातात जाऊन बसत होते. शेवटची मिनिटं उरली, आणि सेफ्टी ऑफिसरनं साऱ्या मैदानावरून एक चेंडू फेकला. नबीलनं तो धावता धावता, मान न वळवता, खांद्यावरून घेतला. पुढे कुणीही नव्हतं. तो सुटला.

राजाभाऊही सुटले. ऑफिसच्या बुटांनी, शिट्टी छातीवर आपटत, "पळ! पळ!" असं शुद्ध मराठीत ओरडत ते कडेनं धावू लागले. नबीलनं शेवटची रेघ ओलांडली, गर्दी उठून उभी राहिली, आणि रेफरीनं पिवळा रुमाल जमिनीवर टाकला. मॅनेजर मैदानात. गुण रद्द. राजाभाऊंनी खाली बघितलं. चुन्याची रेघ त्यांच्या मागे बरीच लांब राहिली होती.

सामना सीगल्स हरले.

राजाभाऊ होते तिथेच, मैदानाच्या मधोमध बसले, आणि रडायला लागले. सुरुवातीला त्यांनी चष्मा पुसल्यासारखं केलं. मग तेही सोडून दिलं. खांदे हलत होते. लोक भोवती गोळा झाले. दुसऱ्या संघाचा मॅनेजर त्यांचा हात धरून म्हणाला, झेल लाजवाब होता, गुण नाही मिळाला तर काय झालं. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, चूक कुणाचीही होते. इजिप्शियन रेफरी तर पार ओशाळला. नियम नियम आहे, मुहंदिस राजा, पण माझं मन तुमच्याबरोबर आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कुणी पाणी आणलं. पुढच्या मोसमात बघू, असं कुणी तरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

विद्या गर्दीतून वाट काढत आली. तिनं आपली ओढणी सावरली आणि लोक आणि राजाभाऊ यांच्या मधे, त्यांना पाठीशी घालून उभी राहिली, कुणाला त्यांचा चेहरा दिसणार नाही अशी.

"हो ना," ती सगळ्यांना सांगत होती. "फार मनाला लावून घेतात हो ते. एका गुणासाठी."